ऑक्सिजनची नळी आणि हृदयाची उजवी बाजू : अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील फुफ्फुसीय उच्च रक्तदाब

शेवंती

आमची मुलगी २६व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन ७८० ग्रॅम होते. ती ११८ दिवस नवजात अतिदक्षता विभागात होती आणि घरी आली ती नाकाशी ऑक्सिजनची नळी घेऊनच. आता तिला चौथे वर्ष लागले आहे, नळी सुटून बराच काळ लोटला आहे आणि सकाळी बालवाडीत जाताना ती जिना माझ्याआधी उतरते. मधल्या काळात आम्हाला जे कळायला फार उशीर झाला, ते येथे नोंदवून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

तिला बीपीडी, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेसिया, हा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार आहे हे आम्हाला रुग्णालयातच सांगितले गेले होते. घरी मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन चालू होता. पाचव्या आठवड्यात नेहमीचे डॉक्टर नव्हते म्हणून आम्ही तिला दुसरीकडे दाखवले. तेथे नळी काढून पाच मिनिटे सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनच्या टक्केवारीची, मोजणी झाली, आकडा ९० ते ९१ दिसला आणि 'एवढे चालते, बाळाला ऑक्सिजनची सवय लावू नका' असे सांगण्यात आले. आम्हाला आनंदच झाला. नळी निघाली म्हणून सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. त्यानंतरच्या दीड महिन्यात तिचे वजन केवळ १४० ग्रॅमने वाढले. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम येई, अर्धी वाटी संपण्याआधी ती दमून झोपे आणि झोपेत ओठांभोवतीचा रंग मला वेगळा वाटे. दात येण्यापासून बाहेरच्या हवेपर्यंत सर्व कारणे आमच्याकडे सुचवली गेली. शेवटी जुन्या डॉक्टरांनी हृदयाचा इको करायला लावला आणि फुफ्फुसीय उच्च रक्तदाबाचे निदान झाले.

हे नाव ऐकल्यावर घरात सर्वांना आजोबांची रक्तदाबाची गोळी आठवली. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब तिचा अगदी व्यवस्थित होता. वाढला होता तो हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमधला दाब, आणि तो बाहेरून कोणत्याही पट्ट्याने मोजता येत नाही. हा फरक आम्हाला पहिल्याच दिवशी समजला असता, तर आकडा ९० असताना आम्ही नळी काढू दिली नसती, असे मला आजही वाटते. या आजारातून गेलेल्या पालकांनी आणि जाणकारांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे.

नवजातवैद्य

शेवंतीताई, आपण फार नेमके लिहिले आहे. मी नवजात शिशूंवरच उपचार करतो. येथे कोणाच्याही बाळाची औषधमात्रा सांगणार नाही, परंतु आजाराची रचना समजावून सांगण्याचा प्रयत्न करतो.

गर्भात असताना प्रत्येकच बाळाच्या फुफ्फुसवाहिन्यांमधला दाब जास्त असतो. तेथे श्वासाचे काम वार करते, म्हणून हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम १० ते २० टक्के भाग फुफ्फुसांतून फिरतो. जन्मानंतर पहिल्या श्वासासरशी या वाहिन्या उघडू लागतात आणि पुढच्या काही आठवड्यांत दाब मोठ्या माणसाइतका खाली येतो. पूर्ण दिवसांच्या एखाद्या बाळात हा बदल जन्मतःच अडतो. त्या आजाराचे नाव सारखेच वाटते, तरी तो तातडीचा आणि बहुधा काही दिवसांत निकाल लागणारा प्रसंग असतो. बीपीडीच्या बाळांत घडते ते वेगळे असते. २६व्या आठवड्यात फुफ्फुसात खरे वायुकोश तयारच झालेले नसतात, साधारण ३६व्या आठवड्यापासून ते मोठ्या संख्येने बनू लागतात. या न बनलेल्या फुफ्फुसाला बाहेरच्या हवेत, यंत्राच्या दाबाखाली आणि कधी जंतुसंसर्गाशी झगडत काम करावे लागते. त्यात वायुकोशांची वाढ खुंटते आणि त्यांच्याभोवती विणले जाणारे केशवाहिन्यांचे जाळेही विरळ राहते.

अमेरिकेतील डेन्व्हरचे डॉ. स्टीव्हन एबमन आणि त्यांचे सहकारी यांनी यापुढे जाऊन असा विचार मांडला की, वाहिन्या म्हणजे वायुकोशांच्या मागोमाग येणारा पसारा नव्हे, वाहिन्यांची वाढ थांबवली तर वायुकोशही बनत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसे दिसून आले आहे. म्हणून या आजारात 'फुफ्फुसाचा प्रश्न' आणि 'हृदयाचा प्रश्न' अशी वाटणी करून दोन विभागांत दोन फायली उघडल्या, की बाळाचे नुकसान होते.

त्रिज्या

मी गणित शिकवतो, वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. परंतु माझ्या भाच्याच्या आजारपणात वाहिन्यांचे हे गणित मी वहीत मांडून पाहिले होते. एकाच जाडीच्या शंभर नळ्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांतल्या पन्नासच उरल्या, तर तेवढेच पाणी ढकलायला दुप्पट दाब लागतो. नळ्या शंभरच ठेवून प्रत्येकीची त्रिज्या निम्मी केली, तर मात्र विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. वाहिन्या म्हणजे ताठ नळ्या नव्हेत, याची मला कल्पना आहे. तरीही संख्या कमी असणे आणि उरलेल्यांनी आवळून बसणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

नवजातवैद्य

त्रिज्या, आपल्या वहीतले गणित मी यापुढे पालकांना समजावताना वापरणार आहे, कारण उपचारांचा सगळा क्रम त्यातच आहे.

वाहिन्यांची संख्या औषधाने वाढत नाही. ती फुफ्फुसाच्या वाढीबरोबरच वाढते आणि त्यासाठी अन्न, वजन व वेळ लागतो. त्रिज्या मात्र मिनिटामिनिटाला बदलते. फुफ्फुसवाहिन्यांचा स्वभाव शरीरातल्या इतर वाहिन्यांच्या उलट आहे : ऑक्सिजन कमी झाला की स्नायूंमधल्या वाहिन्या रुंदावतात, फुफ्फुसातल्या मात्र आवळतात. निरोगी माणसाला याचा उपयोगच होतो, कारण ज्या भागात हवा पोहोचत नाही तिकडचे रक्त दुसरीकडे वळते. आधीच वाहिन्या कमी असलेल्या बाळाचे सॅच्युरेशन झोपेत किंवा दूध पिताना वारंवार घसरू लागले, की सगळीच वाहिनीसंस्था आवळते, उजव्या कप्प्याला रोज शेकडो वेळा चढ चढावा लागतो आणि कालांतराने वाहिन्यांच्या भिंतीच जाड होतात. मग त्या ऑक्सिजन दिल्यावरही पूर्वीइतक्या सैल पडत नाहीत.

म्हणून २०१५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांनी मिळून बालकांमधील फुफ्फुसीय उच्च रक्तदाबावर जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत बीपीडीबरोबर हा आजार असलेल्या बाळांचे सॅच्युरेशन ९२ ते ९५ टक्के राखावे असे म्हटले आहे. ९० हा आकडा एखाद्या वेळी दिसला तर घाबरण्यासारखे काही नसते. पण नळी काढून जागेपणीची पाच मिनिटे मोजणी करायची आणि त्या ९०वर निर्णय घ्यायचा, हे चूक आहे. झोपेतील, दूध पितानाची आणि त्यानंतरची नोंद काही तास सलग पाहिल्याशिवाय नळी काढू नये. 'ऑक्सिजनची सवय लागते' हा समज तर मी इतक्यांदा ऐकला आहे की, आता त्याचा राग येण्याऐवजी थकवा येतो. वाढत्या फुफ्फुसाला ऑक्सिजनची गरज असते, आणि गरज भागवल्याने व्यसन लागत नाही.

कोकणकडा

आमचे बाळ २८व्या आठवड्यात जन्मलेले, सध्या घरी ऑक्सिजनवर आहे. इकोच्या अहवालात 'टीआर जेट मोजता आला नाही, उच्च रक्तदाबाचा पुरावा नाही' असे लिहिले आहे. याचा अर्थ आजार नाही, असा घ्यावा का?

नवजातवैद्य

एवढ्यावरून तसा अर्थ घेऊ नये. इकोमध्ये उजव्या बाजूची झडप किंचित गळत असेल, तर त्या उलट्या धारेचा, म्हणजेच टीआर जेटचा, वेग मोजून दाबाचा अंदाज बांधतात. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणायचे, म्हणजे धार सेकंदाला ३ मीटर असेल तर ३६ मिलिमीटर पारा, अधिक उजव्या कर्णिकेतला दाब. परंतु बीपीडीच्या बाळाची छाती फुगलेली असते, फुफ्फुस हृदयावर आलेले असते आणि ही धार बरेचदा दिसतच नाही. डेन्व्हरच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुफ्फुसांचा दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या ६१ टक्के तपासण्यांतच तिच्यावरून दाब काढता आला होता आणि जेथे काढता आला तेथेही तीव्रतेचा अंदाज निम्म्याहून कमी वेळा बरोबर ठरला. म्हणून धार दिसली नाही तरी दोन कप्प्यांमधला पडदा चपटा झाला आहे का, उजवा कप्पा जाड किंवा मोठा झाला आहे का, हे अहवालात लिहिलेले असायला हवे. आपल्या अहवालात त्याबद्दल काहीच नसेल, तर लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना ते विचारून घ्या.

सर्वसाधारणपणे मध्यम ते तीव्र बीपीडी असलेल्या प्रत्येक बाळाचा इको ३६व्या आठवड्याच्या सुमारास व्हायला हवा. हे आठवडे आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजायचे, म्हणजे आपले बाळ त्या वेळी आठ आठवड्यांचे असेल. पहिला इको चांगला आला तरी ऑक्सिजन सुरू आहे तोवर तो ठरावीक अंतराने पुन्हा करावा लागतो, कारण काही बाळांत दाब नंतर वाढतो. दाबाचे खरे माप मिळते ते हृदयात नळी घालून केलेल्या तपासणीतच. त्यात फुफ्फुसधमनीचा सरासरी दाब २० मिलिमीटरहून अधिक आला तर तो वाढलेला मानतात. २०१८च्या नीस येथील जागतिक परिषदेपूर्वी ही मर्यादा २५ होती. ती तपासणी प्रत्येकाला लागत नाही, पण औषधाने फरक पडत नसेल किंवा दुसरे औषध जोडायचे असेल, तर टाळू नये.

मोगरा_७

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने सर्वांना ठाऊक असलेले औषध, फुफ्फुसवाहिन्या सैल करण्यासाठीही देतात. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आमच्या मुलाला ते १४ महिने चालू होते. पहिल्यांदा औषध आणायला माझे सासरे गेले, तेव्हा औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी दोनदा वाचली, सासऱ्यांकडे पाहिले आणि 'आजोबा, हे कोणासाठी?' असे विचारले. पुण्यासारख्या शहरात चार दुकाने पालथी घातल्यावर गोळ्या मिळाल्या. पुढे आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फुफ्फुसीय उच्च रक्तदाबासाठी, वय ७ महिने' असे ठळक लिहून दिले. नवीन पालकांनी पहिल्याच दिवशी तसे लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही सुरुवातीला गोळी चमच्यावर कुसकरून अंदाजाने चतुर्थांश देत होतो. तसे करू नका. ठरलेल्या पाण्यात गोळी विरघळवून सिरिंजने मोजून कसे द्यायचे, हे आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरांनी नंतर शिकवले.

नवजातवैद्य

मोगराताईंचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. हे औषध १९९८ साली वेगळ्या कारणासाठी बाजारात आले, तरी २००५पासून ते मोठ्यांच्या फुफ्फुसीय उच्च रक्तदाबासाठीही अधिकृत आहे. नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या सैल करण्यासाठी पेशींत जो निरोप्या तयार करतो, त्याला लवकर नष्ट होऊ न देणे हे त्याचे काम. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांना ते देऊ नये, असा इशारा दिला होता. तो मोठ्या मात्रेवर ठेवलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासावरून आला होता आणि २०१४ साली त्याच प्रशासनाने 'लाभ अधिक असेल तेथे डॉक्टरांनी विचारपूर्वक द्यावे' असे स्पष्ट केले. इंटरनेटवर पहिला इशारा चटकन सापडतो, दुसरा सापडत नाही आणि पालक घाबरून औषध एकदम बंद करतात. तसे कधीही करू नये, दाब उसळून वर येऊ शकतो.

या औषधाची मर्यादाही सांगतो. ऑक्सिजन व्यवस्थित नसताना, दूध श्वासनलिकेत जात असताना किंवा झोपेत श्वासमार्ग बंद होत असताना केवळ सिल्डेनाफिल सुरू करणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणे होय. काही बाळांत त्याने दूध वर येण्याचा त्रासही वाढतो. आणि फुफ्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरा अरुंद झाल्या असतील, जे या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नंतरच्या महिन्यांत होऊ शकते, तर पुढची दारे बंद आणि मागची उघडी अशी अवस्था होऊन फुफ्फुसात पाणी साचते. औषधानंतर बाळ बिघडले तर ही शंका घेतलीच पाहिजे.

पाणवठा

थोडे वेगळे लिहितो. आमचे बाळ पूर्ण दिवसांचे, तीन किलोचे होते. दुसऱ्या दिवशी ते निळे पडले. नायट्रिक ऑक्साइडसह सर्व उपचार झाले, प्रत्येक वेळी काही तास बरे वाटे आणि पुन्हा तेच. ते १९ दिवस जगले. नंतर फुफ्फुसाच्या तुकड्याच्या तपासणीत एसीडी नावाचा विकासदोष निघाला. त्यात वायुकोशांभोवती केशवाहिन्या पुरेशा बनलेल्याच नसतात आणि शिरा चुकीच्या जागी असतात. १६व्या गुणसूत्रावरील फॉक्स-एफ-१ या जनुकाची तपासणी आम्ही करून घेतली. दोष बाळात नव्याने उद्भवला होता, आम्हा दोघांत नव्हता. पुढच्या गरोदरपणाचा निर्णय घेताना त्या कागदाचा आम्हाला फार उपयोग झाला. ज्यांच्या बाळाला उपचारांनी टिकाऊ गुण येत नाही, त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना वेळेवर विचारावा, एवढ्यासाठीच लिहिले.

शेवंती

पाणवठा, आपण हे येथे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार.

डेन्व्हरवासी

मी येथे बालरुग्णालयात परिचारिका आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे अपुऱ्या दिवसांची पुष्कळ बाळे नळीसह घरी जातात आणि बाबागाडीला छोटा सिलिंडर लावलेला पाहून रस्त्यात कोणी वळून बघत नाही. महाराष्ट्रातल्या पालकांना उंचीचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत काठावर असलेले बाळ घाट चढल्यावर त्या काठावरून खाली येऊ शकते. विमानात हा फरक आणखी मोठा असतो. आतील हवा सुमारे २,४०० मीटर उंचीइतकी विरळ होऊ शकते, म्हणजे जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घेतल्यासारखे. मामाच्या गावाला जायचे असो वा कुलदैवताला, आधी डॉक्टरांना विचारा आणि सोबत सॅच्युरेशन मोजण्याचे यंत्र ठेवा.

यंत्रावरून आठवले. कोविडमध्ये घरोघरी घेतलेली बोटाची चिमटी तान्ह्या बाळाला चालत नाही. पायाला गुंडाळायचा प्रोब असलेले यंत्र लागते.

कोकणकडा

आमच्याकडे वीज जाण्याची फार धास्ती असते. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेवरचे यंत्र, बंद पडला तर सिलिंडर किती वेळ पुरतो, हे कोणी सांगू शकेल का?

त्रिज्या

हे गणित सोपे आहे. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. पाव लिटर प्रतिमिनिट म्हणजे तासाला १५ लिटर, म्हणजे साधारण १०० तास. गळती आणि अर्धवट भरलेला सिलिंडर लक्षात घेऊन मी ७०च धरीन. मात्र सिलिंडरवरचा नेहमीचा प्रवाहमापक १५ लिटरपर्यंतचा असतो आणि त्यावर पाव लिटर नीट लावता येत नाही. कमी प्रवाहाचा वेगळा मापक मागून घ्या. भाच्याच्या वेळी आमचे पहिले चार दिवस याच चुकीत गेले.

मोगरा_७

एक नाजूक विषय काढते. आमच्याकडे बाळाला अंघोळीनंतर ओवा आणि उदाची धुरी देण्याची पद्धत आहे. आजेसासूबाईंना नाही कसे म्हणायचे, हा माझ्यापुढचा सर्वांत कठीण प्रश्न होता.

नवजातवैद्य

धुरी पूर्णपणे बंद, आणि ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत तर निखाऱ्याची शेगडी, समई, उदबत्ती यांपैकी काहीच नको, कारण तेथे धुराइतकाच आगीचा धोका आहे. मी चिठ्ठीवर औषधांच्या वर 'धूर वर्ज्य' असे लिहून देतो. पथ्य म्हटले की आज्या ऐकतात. मालिश, अंगाई, मांडीवरची अंघोळ हे सर्व त्यांच्याकडेच राहू द्यावे. बाळगुटीचे चाटणही नको. ज्या बाळाला गिळताना ठसका लागतो, त्याच्या श्वासनलिकेत गेलेला एक थेंबही महागात पडतो.

शेवंती

आमच्याकडे गिळण्याची तपासणी झाली तेव्हा पातळ दूध थोडे श्वासमार्गाकडे जात असल्याचे दिसले होते. दूध देण्याची पद्धत बदलली, नळी पुन्हा लावली, झोपेतले सॅच्युरेशन ९३च्या वर राहू लागले आणि पुढच्या पाच आठवड्यांत तिचे वजन ८०० ग्रॅमने वाढले. सिल्डेनाफिल त्यानंतर सुरू झाले. एक प्रश्न मात्र मी तेव्हा विचारायला घाबरले होते, तो आता विचारते. ही बाळे पुढे कशी राहतात?

नवजातवैद्य

प्रामाणिक उत्तर देतो. बॉस्टनच्या २००७ सालच्या अभ्यासात बीपीडीबरोबर हा आजार असलेली ४२ बाळे होती आणि निदानानंतर दोन वर्षांनी त्यांतील साधारण निम्मीच हयात असण्याची शक्यता निघाली होती. पालकांना हा आकडा कोठेतरी सापडतोच, म्हणून तो लपवण्यात अर्थ नाही. परंतु ती गंभीर आजारी बाळे होती आणि निदानही बरेचदा आजार वाढल्यावर झालेले होते. त्याची दुसरी बाजू अशी की, जी बाळे पहिली दोन वर्षे निभावतात त्यांच्यात फुफ्फुसाची वाढ होत राहते, नव्या वाहिन्या येतात आणि बहुतेकांचा दाब हळूहळू उतरतो. इतर प्रकारच्या फुफ्फुसीय उच्च रक्तदाबात असे क्वचितच घडते. या वर्षांत साधी सर्दीसुद्धा दाब वर नेऊ शकते. म्हणून इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकसची लस वेळेवर द्यावी, आणि पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची साथ असते तेव्हा बारशा-मुंजींची गर्दी टाळावी.

कोकणकडा, आपल्या बाळाच्या इकोचा पूर्ण अहवाल आणि गेल्या सहा आठवड्यांची वजने एकाच कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्या. मी स्वतः अहवालाआधी ती वजनेच पाहतो.

कोकणकडा

वजने काढली : ३,१००, ३,१८०, ३,२१०, ३,२३०, ३,२३०, ३,२४०. लिहिताना लक्षात आले की, तिसऱ्या आठवड्यात आम्ही प्रवाह अर्ध्यावरून पावावर आणला होता. उद्याची वेळ मिळाली आहे. झोपेतली नोंद आज रात्री घेतो.